बाणाला टर्कीच्या पिसांऐवजी काय लावावं? पावसातल्या शिकारीसाठी विचारतेय

रानवाट:
मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्याकडे ४५ पाउंड ओढीचा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, बाण थेट शेल्फवरून (मुठीवरच्या खाचेवरून) सोडते, आणि आजवर तीन ४ इंची टर्कीची पिसं सोडून दुसरं काही लावलेलं नाही. मागच्या सीझनला सकाळपासून रिपरिप चालू होती, चार तास बसून राहिले, हरीण १८ मीटरवर आलं, बाण सोडला तर तो मागून शेपटी हलवल्यासारखा डुलत गेला आणि पोटाखालून निघून गेला. नशीब की लागलाच नाही, जखमी होऊन पळालं असतं तर मला झोप लागली नसती. नंतर बघितलं तर पिसं भिजून चिप्प झालेली, शाफ्टला (बाणाच्या दांडीला) चिकटून बसलेली. आता ड्रॉप-अवे रेस्टवाला (बाण सुटताच खाली पडणाऱ्या टेकूचा) कंपाउंडही (चाकांचं धनुष्य) घेतलाय. प्लास्टिक वेन (पिसांऐवजी लावायची पाती), गरम पाण्यात टाकून बसवायचे स्लीव्ह, ती गोल रिंग, असं बरंच काही दिसतंय. शिकारीत वापरलेल्यांनी सांगा ना, दोन्ही धनुष्यांना एकच काहीतरी चालेल का?

सरळशाफ्ट:
ताई, एकच काहीतरी दोन्हीला चालणार नाही, हे आधीच मनातून काढून टाका. पिसारा कुठला लावायचा हे पावसापेक्षा बाण कशावर टेकतो त्यावर ठरतं. शेल्फवरून सोडताना बाणाचं मागचं टोक धनुष्याला घासून जातंच, पीस तिथे दबतं आणि पुढे गेल्यावर लगेच उभं राहतं, म्हणून चालतं. प्लास्टिक दबत नाही, ते धक्का खातं आणि बाण तिरका निघतो. रिकर्व्हला वेन लावायचेच असतील तर शेल्फच्या वर उचलून धरणारा रेस्ट बसवावा लागेल. कंपाउंडला मात्र बिनधास्त वेन लावा, तुमचा रेस्ट खाली पडतो म्हणजे घासायचा प्रश्नच नाही (टायमिंग बरोबर असेल तर, ते तपासा, वेनवर पायाची पावडर फवारून एक बाण सोडला की कुठे घासतंय ते लगेच दिसतं).

वजनाचं पण बघा. ४ इंची पीस साधारण ३ ग्रेनचं (ग्रेन म्हणजे बाणाच्या वजनाचं छोटं माप), आणि २ इंची उंच वेन साधारण ६ ग्रेनचा, म्हणजे तीन मिळून ९ विरुद्ध १८. ऐकायला काहीच नाही, पण हे वजन अगदी शेपटाकडे असतं, पुढचा भार तेवढा कमी होतो, मग पुढचं टोक १०-१५ ग्रेन जड घ्यावं लागतं, की परत स्पाइन (शाफ्टचा ताठपणा) बघा. तो हिशोब एकदाच करायचा असतो पण करायचा असतो.

ओलेपाते:
पावसाबद्दल मी बोलतो कारण मी बहुतेक वेळा पावसातच असतो. पहिलं म्हणजे पिसं टाकून देऊ नका. पिसांवर लावायची वॉटरप्रूफ पावडर मिळते ती बोटांनी मुळापर्यंत चोळा, आणि बसल्या जागी क्विव्हरमधल्या (भात्यातल्या) पिसाऱ्यावर साधी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा, दोरीवर चढवलेला एक बाण तेवढा उघडा. त्यानेच निम्मं काम होतं. चेपलेली पिसं घरी आल्यावर किटलीच्या वाफेवर फिरवली की परत उभी राहतात, मी चुरगळलेल्या पिसांचे जुने बाण असेच वाचवलेत.

स्लीव्हबद्दल: नळीवर वेन आधीच चिकटवलेले असतात, शाफ्टवर सरकवून उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवलं की आक्रसून घट्ट बसते. जिग (वेन चिकटवायचा साचा) नको, गोंद नको, वेन उखडला तर तळावरच्या स्टोव्हवर दुसरा बसवता येतो, हा खरा फायदा. पण नळी शाफ्टच्या जाडीला जुळणारीच घ्यावी लागते, वेनचा कोन त्यांनी ठरवलेला तोच मिळतो, आणि नळीचं वजन परत शेपटाकडेच. आणि कृपा करून कार्बन शाफ्ट ज्योतीवर धरू नका, माझ्यासमोर एकाने घाईत धरला आणि तो बाण आम्ही मोडून फेकून दिला, तसा बाण सोडताना फुटला तर हातात घुसतो.

रिंगमास्तर:
गोल रिंग मी दोन सीझन वापरली. नॉक (दोरीत अडकणारी बाणाची मागची खाच) काढायचा, रिंग सरकवायची, नॉक परत लावायचा, झालं, ना डावं ना उजवं. (नवीन लोकांसाठी, पिसं डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची वेगळी असतात, एका बाणावर मिसळायची नाहीत, वाकडा जातो.) बाण आरपार गेला की रिंग सुटून मागे पडते, त्यामुळे बाण कुठे लागला ती जागा सापडायला मदत होते. पण पूर्ण खाली पडणारा रेस्टच लागतो, ब्रशने चारी बाजूंनी धरणारा रेस्ट असेल तर विसरा, आणि शेल्फवरून तर नाहीच नाही. सरावात मात्र मला वैताग आला, टार्गेटमध्ये बाण खोल गेला की रिंग उडणार आणि गवतात शोधत बसायचं. शेवटी वेनवर परत आलो.

चौपिसी:
कोणी ब्रॉडहेडचं (शिकारीच्या पात्यांच्या टोकाचं) बोललंच नाही म्हणून लिहितेय. फिक्स्ड पात्यांचं टोक म्हणजे बाणाच्या पुढेही पंखच, ते वाऱ्याला धरतं आणि बाणाला आपल्या दिशेला ओढतं, मागचा पिसारा त्याच्याहून ताकदवान हवा. म्हणून माझ्या कंपाउंडच्या बाणांना चार बुटके वेन, थोडा हेलिकल पीळ देऊन. बाण लवकर सरळ होतो, फक्त लांबवर वेग थोडा जास्त घटतो. पीसही तसंच, सुरुवातीला हलकं म्हणून वेगात पण हवा जास्त धरतं, ३० मीटरच्या आत मला तरी फरक जाणवला नाही. आवाज मात्र जाणवतो, मोठ्या पिसांची सरसर हरणाला ऐकू जाते. टार्गेटवाल्यांचे ते पातळ गोल वळलेले वेन शिकारीला नका आणू, क्विव्हरमधे झुडपाला घासले की चुरगळतात.

ओलेपाते:
@चौपिसी बरोबर. आणि वेनखाली शाफ्ट नीट पुसल्याशिवाय गोंद लावू नका, हाताचं तेल राहिलं की थंडीत पटकन उखडतात. पुढच्या टोकावर गोंदाचा एक थेंब वेगळा द्या.

दूरचाबाण:
माहिती म्हणून, न्यू गिनीमधे पिढ्यानपिढ्या बिनपिसाऱ्याच्या लांबलचक बाणांनी शिकार होते. लांब दांडा आणि जड टोक, आणि अगदी जवळून मारायचं. म्हणजे पिसारा नसतानाही बाण सरळ जाऊ शकतो, पण अंतर सोडून द्यावं लागतं. मी रिकर्व्हचे बाण आधी बिनपिसाऱ्याचेच ट्यून करतो, १५ मीटरवर पिसं लावलेल्यांच्या शेजारी लागायला लागले की मग पिसं चिकटवतो. असा बाण ओल्या पिसांनी पण फारसा भरकटत नाही. ताई, तुमचा बाण डुलला तो फक्त पावसाने नसेल, स्पाइन बघा एकदा.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. @दूरचाबाण काल बिनपिसाऱ्याचे तीन बाण सोडले, तिन्ही नॉक डावीकडे करून घुसले, मी उजव्या हाताची, म्हणजे शाफ्ट कडक पडतोय ना? आता २५ ग्रेन जड टोक लावून बघणार. रिकर्व्हला पिसंच ठेवतेय, पावडर आणि पिशवी. कंपाउंडला चार वेन, हेलिकल जिग मागवलाय. दोन्ही धनुष्यांचे ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) २० मीटरवर एका जागी लागेपर्यंत रानात जाणार नाही. जमलं की इथेच लिहीन, आणि पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या पिसांचे बाणही सोडून बघणारे.