‘संयुक्त डोळा’ला दुसरा शब्द?

मांडवीकाठ: मुलांसाठी कीटकांवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. चतुराच्या डोळ्यापाशी अडले. आपण शाळेत ‘संयुक्त नेत्र’ शिकलो, त्यातला एकेक घटक म्हणजे नेत्रिका. भाचीला वाचून दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे दोन्ही डोळे जुळलेले?” चतुराचे डोळे डोक्यावर खरंच टेकलेले असतात, त्यामुळे तिचा समज आणखी पक्का! एका डोळ्यात तीस हजारांपर्यंत नेत्रिका, हे त्या शब्दातून कळतच नाही.

रानवाट: बहुनेत्र?

मांडवीकाठ: तो कोळ्याला जाईल. त्याला बहुधा आठ सुटे, साधे डोळे असतात.

घाटावरचा: रुळलेली परिभाषा मोडू नका. ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणताना कुणाला दोनच जिल्हे आठवले का? मूल उद्या विश्वकोश उघडेल तेव्हा ओळखीचा शब्द भेटायला हवा.

रानवाट: मग ‘षट्कोनी जाळीचा डोळा’.

शिंपलाखिडकी: सुंगटांचं काय? कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय, त्यांच्या डोळ्यावर चौकोन असतात, अगदी आमच्या जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडकीसारखे. त्या चौकोनांच्या आतल्या भिंती आरशाचं काम करतात आणि कितीतरी चौकोनांतला उजेड एका जागी आणतात. अंधुक पाण्यात दिसतं ते त्यामुळे. क्लाउस फोग्ट या संशोधकांनी 1975 मध्ये क्रेफिशच्या, म्हणजे सुंगटांच्याच एका गोड्या पाण्यातल्या नातेवाइकाच्या, डोळ्यात हे दाखवलं. मी तर ‘खिडक्यांचा डोळा’ म्हणेन.

घाटावरचा: सुंगटं कोंकणी. मराठीत कोळंबी.

शिंपलाखिडकी: माझ्या आजीचं मराठी याच शब्दांनी भरलेलं होतं. सिंधुदुर्गातही हाच शब्द ऐकाल.

रानवाट: चौकोन असो वा षट्कोन, कीटक कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारींच्याच कुळातून आले. दोघांच्या नेत्रिकेत साधारण आठ प्रकाशग्राही पेशी आणि वर उजेड आत पोचवणारा, चार पेशींचा स्फटिकशंकू. शब्द दोघांना एकच हवा.

खाजनकर: कुर्ली, म्हणजे खेकडा, विसरलात. संस्कृत ‘कुलीर’वरून आली असावी. तिचा डोळा दांडीवर डोलतो. ‘डोळा’ शब्दच डोलण्यावरून आला, असं मला नेहमी वाटतं.

घाटावरचा: प्राकृतातच ‘डोल’ म्हणजे डोळा. डोलण्याशी संबंध जोडायला आधार हवा.

खाजनकर: पण प्राकृतात तरी तो कुठून आला?

मांडवीकाठ: मंडळी, माझा चतुर?

शिंपलाखिडकी: कुर्लीच्या त्या दांडीला आमच्याकडे वेगळा शब्द होता. आईला विचारून सांगते.