अटलांटाच्या ब्लेड शोला संग्राहक म्हणून जायचंय, सल्ला हवा

सूरसागर (बडोदे)

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. चाकू आणि अडकित्ते जमवतो. संग्रह बहुतेक कच्छचा आहे: अंजार आणि रेहा इथले पितळी मुठीचे घडीचे चाकू आणि नक्षीच्या सुड्या (तिकडचे अडकित्ते). मुलगी अटलांटाजवळ असते. जूनच्या सुरुवातीला तिच्याकडे जाणार आहे आणि त्याच सुमारास तिथे ब्लेड शो हे चाकूंचं मोठं प्रदर्शन भरतं. स्वतः चाकू घडवणारे इतके कारागीर एका छपराखाली बघायला मिळणार, या विचारानेच झोप उडाली आहे.

एकच चांगला चाकू घ्यायचा आहे, पाच-सहाशे डॉलरपर्यंत. पहिल्याच दिवशी घ्यावा की थांबावं? टेबलापाशी वागायची काही रीत असते का? डमास्कस, म्हणजे थरांचं नक्षीदार पोलाद, पारखायचं कसं? आणि घरी आणताना कायद्याची अडचण येईल का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावं.

ऐरण

काका, जरूर जा आणि शुक्रवार ते रविवार तिन्ही दिवसांचं तिकीट काढा. नोकरीनिमित्त तिकडे होतो तेव्हा मी जात असे. ज्याने पोलाद तापवलं, ठोकलं, पाणी दिलं तोच माणूस टेबलामागे उभा असतो, आणि त्याला विचारता येतं. फोटो बघून चाकू मागवण्यात हे सुख नाही. त्यामुळे खरेदीइतकाच वेळ बोलण्यासाठी ठेवा.

चाकू उचलण्याआधी विचारा. उचलल्यावर टेबलाच्या वरच धरा आणि पात्याला बोट लावू नका. हाय कार्बन पोलादावर घामाचा ठसा राहिला की तिथून गंज धरतो, आणि त्या माणसाला दिवसभर पाती पुसत बसावं लागतं. अंगठ्याने धार बघणं तिथे उद्धटपणाचं मानतात. घडीचा चाकू झटका देऊन उघडायचा असेल तर आधी परवानगी घ्या. परत देताना मूठ त्याच्याकडे करा. शेजारचं गिऱ्हाईक पैसे काढत असेल तर बाजूला व्हा, कारण तीन दिवसांच्या विक्रीवर कित्येकांचे पुढचे काही महिने चालतात. याच कारणासाठी घासाघीसही करू नका. किंमत जास्त वाटली तर धन्यवाद म्हणून कार्ड घ्या आणि पुढे चला.

आता पारख. पातं डोळ्यासमोर आडवं धरून पाठीवरून टोकाकडे बघा, सरळ आहे ना? दोन्ही बाजूंचा उतार सारखा हवा, आणि मुठीजवळ तो जिथे सुरू होतो त्या रेघा दोन्हीकडे समोरासमोर यायला हव्यात. हाताने घासताना हे साधणं फार अवघड आहे, म्हणून मी पहिल्यांदा तिथेच बघतो. मग गार्ड (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) आणि पात्यामधला सांधा उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसता कामा नये. डोळे मिटून मुठीवरून अंगठा फिरवा. लाकूड कुठे संपलं आणि पिन कुठे सुरू झाली हे कळलं नाही तर काम उत्तम. घडीच्या चाकूत बंद पातं मधोमध बसतंय का, उघडल्यावर डुलतंय का, लॉक पूर्ण बसतोय का, एवढं बघा. मायकेल वॉकर या चाकूकारांनी रूढ केलेला लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी सरकून उघडं पातं अडवते तो) तिथे बऱ्याच टेबलांवर दिसेल. अंजारच्या घडीच्या चाकूंवर हात बसलेला असल्यामुळे ही पारख तुम्हाला जड जाणार नाही.

आणि प्रश्न विचारा. पोलाद कुठलं? पाणी स्वतः देता की बाहेरून करून घेता? रॉकवेल, म्हणजे पोलादाच्या कडकपणाचा आकडा, किती? साधारण ५८ ते ६२ ऐकू येईल, पण आकड्यापेक्षा तो आकडा का निवडला हे सांगणारा कारागीर मला जास्त भरवशाचा वाटतो.

तुमच्या बजेटसाठी माझी सूचना: अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्या लोहारांच्या संस्थेचे 'जर्नीमन स्मिथ' (पहिली परीक्षा पास झालेले) शोधा, पात्यावर जेएस असा शिक्का असतो. ही संस्था १९७६ ची. तिची परीक्षा अशी: लोंबता एक इंची दोर एका घावात तोडायचा, टू-बाय-फोर (दोन-बाय-चार इंची) लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायचं, ते तुटता कामा नये. धार कडक आणि पाठ चिवट ठेवणं ज्याला जमलं तोच यातून पार पडतो. त्यावरच्या पायरीच्या मास्टर स्मिथला हेच सगळं किमान ३०० थरांच्या डमास्कस पात्यावर करून दाखवावं लागतं. मास्टरांचे चाकू बहुधा तुमच्या बजेटबाहेर जातील, पण जर्नीमनकडे साधा शिकारी चाकू त्या पैशात मिळू शकेल.

माळवा_मेल (इंदूर)

ऐरण यांचं बाकी सगळं मान्य, पण थांबण्याबद्दल काकांनी विचारलं होतं ते राहिलं. माझं मत: थांबू नका. नावाजलेल्या कारागिरांची टेबलं पहिल्या तासाभरात रिकामी होतात. काही जण तर चिठ्ठ्या टाकून विकतात. डब्यात नाव टाकायचं, ठरलेल्या वेळी चिठ्ठी निघते, आणि नाव पुकारताना तुम्ही तिथे हजर नसलात तर दुसऱ्याची निघते. असा एखादा कारागीर मनात असेल तर शुक्रवारी दार उघडताच तिथे हवं.

ऐरण

नाव मनात पक्कं असेल तर बरोबर. पण काकांचं तसं दिसत नाही. शुक्रवारी सगळा हॉल फिरून चार-पाच नावं वहीत लिहावीत, शनिवारी त्याच टेबलांवर परत जावं. रात्रभर मनात राहिलेला चाकू घ्यावा. तोवर तो विकला गेला तर ऑर्डर द्या. बरेच कारागीर वही बंद आहे, म्हणजे नवी ऑर्डर घेत नाही, म्हणतील, काही जण नाव लिहून घेतील. थांबून मिळालेला चाकू तुमच्या हाताच्या मापाने बनतो, हा मोठा फायदा.

लष्कर_ग्वाल्हेर

डमास्कसबद्दल मी लिहितो. तिथे ज्याला डमास्कस म्हणतात ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत एकजीव करून घडवलेलं असतं, बहुधा १०८४ किंवा १०९५ क्रमांकाचं साधं पोलाद आणि निकेल असलेलं १५एन२०. आम्लात बुडवल्यावर साधं पोलाद काळवंडतं, निकेलवालं चकाकत राहतं, तीच नक्षी. १९७३ मध्ये बिल मोरन यांनी अशी पाती चाकूकारांच्या गिल्डच्या प्रदर्शनात मांडली आणि अमेरिकेत या कामाला पुन्हा जीव आला.

खरं-खोटं ओळखायला पात्याची पाठ बघा. थर खरे असतील तर नक्षी पाठीवरून वळून दुसऱ्या बाजूला जाते. नुसती वरून कोरलेली असेल तर कडेला येऊन थांबते.

आपलं जुनं वुट्झ वेगळं. ते मुशीत वितळवलेलं पोलाद, त्यातला जौहर (पात्यावरची लाटांसारखी नक्षी) थरांचा नसून आतल्या कार्बाइडच्या रांगांचा असतो. काका, निघण्याआधी लक्ष्मी विलास राजवाड्यातलं शस्त्रागार पुन्हा एकदा सावकाश बघून जा. जुनं काम डोळ्यात ताजं असलं की नव्याची तुलना आपोआप होते. आणि अंजारचा एखादा छोटा चाकू सामानाच्या बॅगेत घालून न्या. तिथल्या लोहारांना आपल्याकडचं काम हातात घेऊन बघायला फार आवडेल.

न्यायमंदिर

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून मोठा बोवी (लांब-रुंद पात्याचा अमेरिकन चाकू) आणि खंजीर डोळे भरून बघा, पण घेऊ नका. मास्टर स्मिथच्या परीक्षेत क्विलन डॅगर (आडव्या गार्डचा दुधारी खंजीर) करावाच लागतो, त्यामुळे तिथले सुंदर खंजीर मोह घालतील, तरीही नको. बटण दाबून उघडणारेही टाळा. चार-साडेचार इंची पात्याचा शिकारी चाकू किंवा स्वयंपाकघरातली सुरी हा सरळ मार्ग.

विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात, धार झाकून. पावती हाताशी ठेवा, कस्टम्सला खरी किंमत सांगा, आणि करमुक्त सामानाची चालू मर्यादा निघायच्या आठवड्यात तपासा. शहरात पोलीस आयुक्तांचे मनाईहुकूम निघत असतात, तेव्हा इथे आल्यावर चाकू खिशात घालून फिरायचं नाही, घरीच ठेवायचा.

सूरसागर (बडोदे)

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी फिरणं, शनिवारी निर्णय, हे पक्कं. आणखी एक. मुलीने पाठवलेल्या फोटोंत सांबरशिंगाच्या मुठी बऱ्याच दिसतात आणि मला त्या फार आवडतात. तसा घेतला तर चालेल?

न्यायमंदिर

नको. सांबर वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं आणि शिंगांची निर्यातही भारतातून बंद आहे. तिथे जुन्या साठ्यातली शिंगं कायदेशीर विकली जातात, पण इथल्या कस्टम्समध्ये ती कुठून आली हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. हस्तिदंत तर नाहीच. मॅमथचा दात कायदेशीर असला तरी तो हस्तिदंत नाही हे काउंटरवर पटवून देणं कठीण. शिसवीच्या जातीच्या लाकडांवरही साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. अक्रोड, मेपल किंवा मायकार्टाची (राळेत घट्ट केलेल्या कापडाच्या थरांची) मूठ घ्या.

ऐरण

मायकार्टाला माझाही पाठिंबा, बडोद्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातलं टॅनिन पोलादाला खातं. म्यान वेगळं, चाकू वेगळा. पात्याला मिनरल ऑइलचा पुसट हात द्या किंवा रेनेसाँ वॅक्स हे संग्रहातल्या वस्तूंसाठीचं मेण लावा, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या जून ते सप्टेंबर बदलत राहा. शोमधून परतल्यावर कोणाकोणाची नावं वहीत लिहिलीत ते इथे कळवा, त्यातले काही माझ्या ओळखीचे निघतील.