प्रतिसाद: होज बदलला, तरी काटा वर

गाडीच्या रेडिएटरचा होज (रबरी नळी) बदलून नवं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) भरलं तरी टेम्परेचरचा काटा चढतोय म्हणता, तर बहुधा आत हवा अडकली असावी. इंजिन पूर्ण गार असतानाच कूलंटचं झाकण उघडा, हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घालत राहा.

खालचा होजही तपासा. माझा बाहेरून नवाकोरा दिसायचा, पण क्लिपजवळ दाबल्यावर आतून कुरकुरला, म्हणजे आतून खराब झालेला. चिकटलेला होज ओढू नका, पिळून सोडवा. रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड चटकन तुटतं. नळाचं पाणी नकोच. कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला.

आणि काढलेलं कूलंट कृपया उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात.