पेनड्राइव्ह फॉरमॅट मारायची घाई नको

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, आता फॉरमॅटच मारतो (म्हणजे सगळं पुसूनच टाकतो) असं कुणी म्हणत असेल तर प्लीज थांबा! फायली बहुतेक तिथंच असतात, व्हायरस त्यांना हिडन करतो म्हणजे लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो, त्यावर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो पण मागून व्हायरसही चालू होतो त्यामुळे पत्ताच लागत नाही.

आधी डिफेंडरने (विंडोजमधला अँटिव्हायरस) पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फायली दाखवा आणि खालची 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिकपण काढा, ही बरेच जण विसरतात. फोल्डर दिसले की डेटा कॉपी करा, शॉर्टकट मात्र उघडू नका. आधीच उघडला असेल तर पीसीचाही फुल स्कॅन कराच.