निक्सन चीनला गेलाच कसा?

भटक्या_०७: बावळट प्रश्न वाटेल पण विचारतोच. कोरियात एकमेकांची माणसं मारली, पुढे वीस वर्षं अमेरिकेने माओच्या सरकारला सरकारच मानलं नाही, आणि फेब्रुवारी १९७२ ला त्यांचाच अध्यक्ष निक्सन थेट बीजिंगला जाऊन माओशेजारी बसला?? तोही निक्सन, जो कम्युनिस्टांच्या नावाने बोटं मोडूनच मोठा झाला. सगळे पिंगपाँगचं नाव घेतात, मला नाही पटत.

कटिंग_चहा: पिंगपाँग निमित्त रे. खरी भानगड रशिया. मार्च १९६९ ला उसुरी नदीतल्या एवढ्याशा बेटावरून चिनी नि रशियन सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, दोघंही लाल झेंडेवाले! माओला उत्तरेची धास्ती, निक्सनला व्हिएतनाममधून पाय काढायचा होता.
बाकी बसचा किस्सा भारीच आहे. एप्रिल १९७१, जपानमधलं नागोया, अमेरिकेचा पिंगपाँग खेळाडू ग्लेन कोवान चिनी टीमच्या बसमध्ये चढला, कोणी बोलेना, शेवटी त्यांचा चॅम्पियन च्वांग मागच्या सीटवरून उठून आला आणि डोंगराचं चित्र असलेलं रेशमी कापड त्याच्या हातात ठेवलं. त्याच महिन्यात अमेरिकन टीम चीनमध्ये.

सदाशिवपेठी: पाकिस्तान विसरलात की राव. जुलै ७१ ला निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर इस्लामाबादला आला, पोट बिघडलंय, नथियागलीला आराम करतोय असं पत्रकारांना सांगितलं आणि हा पहाटेच पीआयए या पाकिस्तानी कंपनीच्या विमानाने चीनला पसार. पोरं शाळेला दांडी मारतात ना, अगदी तसं. त्यात शर्ट घ्यायला विसरला, बरोबरच्या उंच अधिकाऱ्याचे उसने घातले, ते ढगळ, आणि लेबल काय तर मेड इन तैवान, चीन ज्याला आपलंच म्हणतो तेच 😂
पण हसू तिथेच थांबतं, कारण तेव्हाच पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानचा अध्यक्ष याह्या याचं लष्कर माणसं कापत होतं आणि अमेरिका-चीनमधला निरोप्या तोच, म्हणून त्याला दुखवायचं नाही. सध्या याह्याला पिळू नका असं निक्सनने त्याआधीच स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. ९ ऑगस्टला आपण रशियाशी करार केला तो काय हौस म्हणून?

भटक्या_०७: हे माहीतच नव्हतं. पण मग तैवानचं काय ठरलं?

कटिंग_चहा: काहीच नाही, तीच तर गंमत. दौऱ्याच्या शेवटी दोघांनी काढलेल्या शांघायच्या निवेदनात काय, तर तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूचे चिनी म्हणतात की चीन एकच आहे, याची आम्हाला जाणीव आहे आणि आम्ही त्याला आव्हान देत नाही. 'मान्य' हा शब्द शोधून दाखव! वकिली भाषा नुसती. दूतावास उघडायला १९७९ उजाडलं.

सदाशिवपेठी: आणि निक्सन मे महिन्यात मॉस्कोला जाऊन रशियाचा नेता ब्रेझनेव्हबरोबर क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या करून आला. चीनहून परतून पुरते तीन महिनेही झाले नव्हते.