मदत हवी आहे: एकच रस्ता, एकच गाडी, तरी खडबडीतपणाचा आकडा दर फेरीला वेगळा

नमस्कार मंडळी,

कोणता रस्ता आधी दुरुस्त करायचा हे डोळ्यांनी पाहून नव्हे, मोजून ठरावं म्हणून आम्ही तिघे चार गाड्यांमधून माहिती गोळा करतोय. प्रत्येक गाडीत डॅशबोर्डवर मोबाईल घट्ट बसवलाय. अ‍ॅक्सेलरोमीटरच्या (धक्के टिपणाऱ्या सेन्सरच्या) नोंदी सेकंदाला १००, जीपीएसची सेकंदाला एक. दर १०० मीटरच्या तुकड्यासाठी उभ्या त्वरणाचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढतो आणि नकाशावर हिरवा, पिवळा, लाल रंग देतो.

परवा एकाच तुकड्यावरून एकाच गाडीने आधी ताशी ३० आणि मग ताशी ६० किमी वेगाने गेलो. पहिल्या फेरीत तो तुकडा हिरवा आला, दुसऱ्या फेरीत लाल! आकड्याला वेगाने भागून पाहिलं. काही तुकडे जुळले, काही आणखी बिघडले. दुसरी गाडी घेतली की सगळंच बदलतं. शिवाय गतिरोधक खड्डा म्हणून मोजला जातो.

याच यादीवरून दुरुस्तीचा क्रम सुचवायचा आहे. चुकीचा तुकडा वर गेला तर खऱ्या खराब रस्त्यावर दुचाकीवाले तसेच आदळत राहतील, म्हणून हे असंच पुढे पाठवायला मन धजत नाही. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

तुमच्या मोजणीत चूक नाही. तुम्ही रस्ता मोजत नाही आहात, रस्त्यावरची गाडी मोजताय.

स्प्रिंगवरची गाडीची बॉडी साधारण १ ते २ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला एक-दोन झोक्यांना, सर्वांत जास्त झुलते. १.५ धरा. ताशी ३० ला गाडी सेकंदाला ८.३ मीटर जाते, म्हणजे तिला साडेपाच मीटर लांबीचे चढउतार जाणवतात. ताशी ६० ला तीच गाडी ११ मीटरच्या लाटांवर झुलते. दोन फेऱ्यांत तुम्ही रस्त्याचे दोन वेगळे गुण मोजलेत, मग नुसत्या भागाकाराने ते जुळणार कसे?

हा घोळ जुनाच आहे. त्यासाठीच १९८२ साली ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मोठा प्रयोग झाला आणि त्यातून आयआरआय, म्हणजे खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक, आला. त्यात रस्त्याची उंचसखल रेषा आधी मोजतात. मग ठरावीक स्प्रिंग आणि ठरावीक डॅम्पिंग (झोके शमवण्याची क्षमता) असलेली एका चाकाची काल्पनिक गाडी तिच्यावरून ताशी ८० ने गणितात चालवतात. सस्पेन्शन एकूण किती हललं ते मीटर प्रति किलोमीटरमध्ये मिळतं. गाडी आणि वेग दोन्ही कायम, म्हणून आकडे तुलनेला बसतात.

तुम्ही एवढं करा. प्रोफाइलरने (रस्त्याची उंचसखल रेषा टिपणाऱ्या यंत्राने) किंवा लेव्हल-स्टाफने (दुर्बीण आणि उभी मोजपट्टी लावून) आयआरआय मोजलेले काही तुकडे मिळवा, चांगले, मध्यम, वाईट सगळे. प्रत्येक गाडी त्यांवरून वेगवेगळ्या वेगांनी न्या आणि प्रत्येक गाडीचं, प्रत्येक वेगपट्ट्याचं वेगळं समीकरण बसवा. टायरमधली हवा दर वेळी तपासा, हवा बदलली की समीकरणही हलतं. ताशी २० च्या खालच्या नोंदी मी सरळ टाकून देतो.

गतिरोधकावर डावं-उजवं चाक एकदम चढतं, खड्ड्यात बहुधा एकच बाजू जाते. जायरोस्कोपमध्ये (मोबाईलमधल्या कलणं-वळणं टिपणाऱ्या सेन्सरमध्ये) गाडी आडवी कलल्याचं दिसलं तर खड्ड्याची शक्यता जास्त. धक्का खरा की मोबाईल खडखडला, हेही कळतं: पुढचं चाक आदळल्यावर मागचं आदळायलाच हवं. चाकांमधलं अंतर २.५ मीटर आणि वेग ताशी ३६ असेल तर दुसरा धक्का पाव सेकंदाने येतो.

पण खरी मेख पुढे आहे. मोठा खड्डा चालक चुकवतात! तिथे धक्काच नोंदला जात नाही आणि सर्वांत वाईट जागा हिरवी दिसते. अनेक गाड्या एकाच जागी बाजूला वळतायत का ते बघा. आणि भेगा यातून मुळीच दिसणार नाहीत, त्यांना कॅमेराच लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! चुकवलेल्या खड्ड्यांचा मुद्दा ऐकून लगेच जुन्या नोंदी उघडल्या. ज्या तुकड्याबद्दल लोकांच्या सर्वाधिक तक्रारी आहेत तो आमच्याकडे हिरवा होता, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक फेरीत गाडी उजवीकडे सरकलेली दिसते. आता एकच विचारतो: प्रोफाइलर मिळाला नाही तर लेव्हल-स्टाफने दोन्ही चाकपट्ट्यांत दर २५ सेंटीमीटरला उंची घेतली तर चालेल का?