'पॅराबेन-फ्री' बघून क्रीम घ्यावं का? (कोरफड, तिरकस आणि पाव टक्का ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

कोरफड: डबीच्या पुढे ठळक 'पॅराबेन-फ्री', मागे घटकांची यादी मुंगीएवढ्या अक्षरात. पुढचं वाचूच नका. पाणी आलं की बुरशी आणि जिवाणू आलेच, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह (क्रीम टिकवणारं रसायन) हवंच, पॅराबेन हे त्यातलंच. ते काढलं की तिथे दुसरं काहीतरी बसतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन असंच बसलं आणि ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की युरोपने २०१७ पासून न धुतल्या जाणाऱ्या क्रीममधून ते हद्दपार केलं. उलट पॅराबेनला अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१९ साली 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर', म्हणजे ॲलर्जी न करणारा घटक ठरवलं!

तिरकस: प्रश्न फक्त ॲलर्जीचा आहे का? पॅराबेन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतात. युरोपने २०१४ च्या नियमाने प्रोपिल आणि ब्युटिल हे पॅराबेनचे प्रकार मिळून ०.१४ टक्क्यांवर आणले, ते उगाच?

कोरफड: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. रेणूतली कार्बनची साखळी जितकी लांब तसा इस्ट्रोजेनसारखा परिणाम जास्त, म्हणून प्रोपिल-ब्युटिलवर कात्री. मिथाइल पॅराबेनची ०.४ टक्क्यांची मर्यादा तशीच राहिली. २००४ साली स्तनाच्या गाठींत पॅराबेन सापडल्याचा गाजावाजा झाला, पण त्या अभ्यासात तुलनेला निरोगी ऊती घेतलीच नव्हती.

तिरकस: मिथाइलपुरतं मान्य. पण पर्याय असताना प्रोपिल कशाला चोपडायचं? सोडियम बेंझोएट आहे की.

पाव टक्का: बेंझोएट आम्लात चालतं. पीएच साडेपाचच्या वर गेला, म्हणजे आम्लपणा कमी झाला, की ते नावालाच उरतं. आणि व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे. ते तेल खवट होऊ देत नाही, बुरशीला अडवत नाही.

यादीतलं फिनॉक्सीइथेनॉल (हेही प्रिझर्व्हेटिव्हच) मात्र शोधाच. युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का. घटक उतरत्या प्रमाणात लिहितात, त्यामुळे यादीत त्याच्यानंतरचं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी (तिथून पुढे क्रम कसाही लावता येतो). नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा प्रकार) २ ते ५ टक्के हवं. ते फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर दिसलं तर पुढच्या बाजूची जाहिरात पोकळ. रेटिनॉल आणि हायल्युरॉनिक ॲसिड नंतर असले तरी चालतं, ते १ टक्क्याच्या आतही काम करतात.

तिरकस: मग बिनपाण्याचा बाम घ्यावा, कटकटच नको.

पाव टक्का: घ्या, पण ओलं बोट बुडवू नका. तेवढं पाणी बुरशीला पुरतं.